दहाव्याला निघण्याआधी



लग्नाचं बोलावणं आलं तर आपण सबबी सांगतो. मुलांची परीक्षा आहे, रजा नाही, ऊस तुटायचा आहे. दहाव्याला मात्र बोलावणं लागत नाही. निरोप कळला की निघायचं, मग थंडी असो की दोनशे किलोमीटरचं अंतर. ही रीत चांगलीच आहे. ज्या घरातलं माणूस गेलं तिथे माणसं जमावीत, चूल दुसऱ्यांनी सांभाळावी, यात माणुसकी आहे. प्रश्न एवढाच, की इतक्या लांब जाऊन आपण बायका तिथे करतो काय? नदीवर पिंडदान पुरुष करतात. घरात बायकांच्या वाट्याला जे येतं ते असं : जिचा नवरा गेला तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र-जोडवी काढायची. हे काम भटजी करत नाहीत, दीर करत नाहीत. ते बाईच्याच हातून करवून घेतलं जातं. म्हणून ते थांबवणंही आपल्या हातात आहे, असं माझं म्हणणं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुण्याहून सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या एका गावी निघालो. आत्याचे यजमान गेले होते. सकाळी घाटावर वेळेत पोचायचं म्हणून रात्री दोनला भाड्याची जीप सुटली. चार पुरुष पुढच्या बाकांवर, आम्ही पाचजणी मागच्या आडव्या बाकांवर. खंबाटकी ओलांडल्यावर काचांवर दव धरलं. कराडच्या पुढे धुकं आणि त्यात उसाच्या ट्रॉल्या, ज्यांना मागे दिवा नाही की तांबडी पट्टी नाही. पुरुष मंडळी टपरीवर उतरली, चहा प्यायली, आडोशाला जाऊन आली. आम्ही चहा नको म्हटलं, कारण चहा घेतला की पुढचा प्रश्न आलाच. पेट्रोल पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्लीवाला झोपलेला. आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडून निघायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पण त्या अंधारात बोलणं फार मोकळं झालं. विषय निघाला तो पिशवीतल्या साडीवरून. माहेरहून विधवेला साडी न्यायची असते. ती फिकी घ्यायची, काठ साधा घ्यायचा, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तेव्हा काकू बोलल्या. त्या स्वतः तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. म्हणाल्या, “मला आणलेली ती साडी अजून ट्रंकेत आहे. एकदाही नेसले नाही. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण माझ्याच माणसांनी मला ती साडी आणली, हे जास्त लागलं.” गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आईने विचारलं, “मग आता काय करायचं?” उजाडेपर्यंत ठरलं, की तिथे गेल्यावर आत्याला आधी एकटीला विचारायचं आणि ती म्हणेल ते करायचं.

आत्याने सांगितलं, “बांगड्या पहिल्याच दिवशी गेल्या. कुंकवाला हात लावू देऊ नका.” पुरुष नदीवर असताना दोघी-तिघी म्हाताऱ्या पुढे झाल्या, तेव्हा काकू आत्याशेजारी बसून राहिल्या. म्हणाल्या, “तिची इच्छा नाही.” थोडी कुजबुज झाली, नाराजी झाली. पण कुणी जबरदस्ती केली नाही. एवढंच घडलं. क्रांती झाली असं मी म्हणत नाही.

या बाबतीत तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, ‘बाईच बाईची वैरीण’. हे खरं नाही. पुढे होणाऱ्या म्हातारीला भीती असते, की रीत चुकली आणि घरात काही वाईट घडलं तर बोल तिच्यावर येईल. तिच्यावरही हेच झालेलं असतं आणि तेव्हा तिला कुणी विचारलेलं नसतं. तिच्याशी भांडून उपयोग नाही. तिच्या शेजारी दुसरी बाई बसली की तिचाही भार हलका होतो.

दुसरा आक्षेप, ‘तिलाच तसं हवं असतं’. असेलही. पण दहा दिवस न जेवलेल्या, न झोपलेल्या बाईला पन्नास जणींच्या गराड्यात खरं बोलता येतं का? तिला एकटीला विचारा. घाईही कशाला? महिन्याने, वर्षाने तिला वाटलं तर ती स्वतःच्या हाताने काढील.

तिसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कुंकू, मंगळसूत्र ही नवऱ्याच्या मालकीची चिन्हं. ती राहावीत म्हणून स्त्री-चळवळीने का झगडायचं? माझं उत्तर असं : कुंकू लावावं की लावू नये, हा त्या बाईचा प्रश्न आहे. आपल्यातल्या कित्येकींनी ते स्वतः सोडलं. पण स्वतः सोडणं वेगळं आणि चारचौघांत ओरबाडून घेतलं जाणं वेगळं. ओरबाडण्याचा अर्थ एकच असतो, की आजपासून तू अशुभ. पुढे हळदीकुंकवाला बोलावणं नाही, मुलीच्या लग्नात पुढे यायचं नाही. विरोध आहे तो या अपमानाला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहूंच्या निधनाला दोन दिवसांनी शंभर वर्षं पुरी होणार होती. विधवा पुनर्विवाहाचा कायदा शाहूंनी आपल्या संस्थानात १९१७ मध्येच केला होता. हेरवाडपाठोपाठ राज्य सरकारने १७ मे २०२२ रोजी परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. चांगलं झालं. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि ते त्या दिवशी घरात येऊन बसत नाही. तिथे आपण असतो. सावित्रीबाईंनी १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं स्वतः हातात धरलं. त्या वेळी त्यांच्या पाठीशी कुठलं परिपत्रक होतं?

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. पंगत उठते, पाहुणे पांगतात आणि कुणीतरी कागद पुढे करतं. ‘वारसाची नोंद करायची आहे, लेकींनी सही द्यावी.’ पुष्कळदा ते हक्कसोड पत्र असतं. आत्याच्या दोन्ही लेकींपुढे ते आलं. थोरली म्हणाली, “वर्षश्राद्ध होऊ दे, मग वाचून बघू.” तिचं बरोबर होतं. वारस नोंदीसाठी हक्क सोडावा लागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मृताची आई हे सारखेच वारस आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र परत फिरवणं मात्र फार अवघड. कपाळ पुसलं गेलं की बाईचा आवाज खाली जातो, आणि खाली गेलेल्या आवाजात सही सहज मिळते. म्हणून या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी दहाव्याला निघाल ना, तर वाटेतच ठरवून टाका. पिशवीत तिला आवडणाऱ्या रंगाची साडी ठेवा. पोचल्यावर आधी तिला एकटीला गाठा आणि विचारा. ती म्हणेल तसं, तिच्या शेजारी बसून राहा. त्या दिवसांत कुणाही लेकीने, सुनेने कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हे मोठ्याने सांगा. बरोबरच्या पुरुषांनाही सांगा. घाटावर तेही चार शब्द बोलू शकतात.

तुमच्या गावात, तुमच्या जातीत, तुमच्या घरात या दिवसांत काय होतं, कुणी काय बदललं, कुठे अडलं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.