प्रवेशासाठी सल्लागार ठेवावा काय?

आमचे एक मावसबंधू देवनारात सुतारकाम करतात. त्यांची कन्या यंदा बारावी पास झाली व इंजिनिअरिंगची सीईटीही तिने दिली. परवा आम्ही गावाहून त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी एक छापील पत्रक आमच्यापुढे ठेवले. म्हणाले, "दादा, हे सल्लागार पंधरा हजार मागतात. चांगल्या कॉलेजात घालून देतो म्हणतात. रंध्याचे यंत्र घेण्यास साठवलेले पैसे आहेत, ते द्यावेत काय?" हा प्रश्न एकाच घरचा नव्हे. सबब त्यांस दिलेले उत्तर येथे सर्वांकरिता मांडतो.

बंधूंनो, जागा सल्लागाराच्या खिशात नसते. ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून, मुलाचा गुणक्रम, प्रवर्ग व त्याने भरलेली पसंतीची यादी पाहून दिली जाते. यादी वरून खाली पाहिली जाते व गुणक्रमास जी पहिली जागा मिळू शकते ती मिळते. म्हणून कठीण कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. मात्र पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर तीच घ्यावी लागते. यास्तव जेथे खरोखर जावयाचे तेच पहिले लिहावे. गेल्या वर्षी कोठे किती गुणांवर प्रवेश थांबला, ते आकडे कक्षच फुकट प्रसिद्ध करतो. सल्लागार तरी दुसरे काय पाहतो?

पत्रकात आणखी एक ओळ होती: यादीत नंबर न लागल्यास संस्थेच्या कोट्यातून जागा मिळवून देऊ. खरा धोका येथे आहे. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल व मराठा प्रवर्गाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. परंतु ही माफी सरकारी प्रवेश फेरीतून गेलेल्यांनाच आहे. संस्थेच्या कोट्यातून गेलेल्या मुलीला व खाजगी विद्यापीठांत शिकणारीला ती नाही. म्हणजे पंधरा हजार देऊन वर चार वर्षांची फी अंगावर घ्यावयाची! हे ऐकून आमचे बंधू गप्प झाले.

मुलांच्या जागा जातात त्या बहुधा कागदांपायी. जातीचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, यांना महिने लागतात. मूल अकरावीत जाताच त्यांच्या मागे लागावे. ऐन वेळी कोणताही सल्लागार ते उभे करू शकत नाही.

यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळे खरे, पण एक बोट चुकीचे पडले तर वर्ष जाईल, याची भीती वाटते." ही भीती खोटी नाही, व तिला हसणाऱ्यास गरीबाचे घर ठाऊक नाही. पण भीतीवर उपाय आहे. गेल्या वर्षी अर्ज भरलेली गल्लीतील मुलगी, शाळेचे मास्तर, सरकारने नेमलेले सुविधा केंद्र, यांना विचारावे. एखाद्या जाणत्यास शेजारी बसून समजावण्याचे शे-दोनशे दिले तरी कमीपणा नाही. पैसे समजावण्याचे द्यावेत, हमीचे देऊ नयेत. आणि पासवर्ड व ओटीपी कोणाच्याही हाती देऊ नये.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते कशासाठी? आमच्या पणजोबांस खतात काय लिहिले ते कळत नसे, म्हणून ते सांगेल तेथे अंगठा उठवीत. आज घरची लेक बारावी शिकली. तरी तिच्या नावाने दुसऱ्यानेच कागद भरावा काय?

त्या रात्री मुलीने यंदाची माहिती पुस्तिका मोठ्याने वाचली; आम्ही सारे ऐकत बसलो. दोन ठिकाणी अडले, ते सकाळी सुविधा केंद्रात विचारले. नियम दरसाल बदलतात, म्हणून जुन्या पुस्तिकेवर विसंबू नये. यादी तिने स्वतः लावली. यंत्राचे पैसे पेटीतच राहिले.

— एक शाळामास्तर