शिकणे फुकट, पुरावा विकत!

"पदवीचा जमाना गेला. आता कंपन्या कौशल्य बघतात. बॅज मिळवा, प्रोफाइलवर लावा, नोकरी चालत येईल." हा उपदेश आता वस्तीवस्तीत पोहोचला आहे. करिअर मार्गदर्शन शिबिरात तोच, यूट्यूबवर तोच, क्लासच्या जाहिरातीतही तोच. आणि त्याला जोडून हमखास येणारे एक वाक्य : "इथे कुणी जात विचारत नाही."

माझा आक्षेप या वाक्याला आहे. कारण ते ऐकून आमच्या गव्हाण-उलवे पट्ट्यातली पहिल्या पिढीची शिकणारी मुले विचारतात, "दादा, बी.एस्सी. सोडून देऊ का? सहा महिन्यांत चार बॅज होतील." हा प्रश्न एका मुलाचा नाही. समाजाच्या पुढच्या वीस वर्षांचा आहे.

आधी बॅज म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. न समजता विरोध करणे ही आपली परंपरा नाही. मोझिला या संस्थेने २०११ साली 'ओपन बॅजेस' ही कल्पना मांडली. दिसायला ते एक छोटे चित्र असते. पण त्या चित्रात माहिती भरलेली असते : बॅज कोणी दिला, कोणाला दिला, कधी दिला, कशासाठी दिला, त्यासाठी काय करून दाखवावे लागले. लिंक उघडली की कोणालाही खातरजमा करता येते. आज गुगल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, सिस्को या सगळ्या कंपन्या आपापल्या तंत्रज्ञान अभ्यासक्रमांसाठी असे बॅज देतात. कागदी सर्टिफिकेटवर नुसते 'उत्तीर्ण' लिहिलेले असते. बॅजवर मुलीने नेमके काय करून दाखवले ते लिहिलेले असते. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

पण त्या माहितीत पहिल्या काही ओळींतच आणखी एक गोष्ट असते. नाव. आणि आपल्या देशात नाव म्हणजे आडनाव.

डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फरक फक्त नावाचा. कुठे सवर्ण हिंदू नाव, कुठे दलित नाव, कुठे मुस्लिम नाव. दलित नावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुलाखत झालेली नाही, चेहरा दिसलेला नाही, तरी चाळणी लागली. हे सगळे अर्जदार कागदावर पात्रच होते. मग त्या अर्जाला चार बॅज जोडले तर आडनाव पुसले जाईल का?

आणि हे कळायला आपल्याला २००७ सालच्या अभ्यासाची तरी काय गरज? १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या काळात देशात तितके शिकलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी होती. तरीही कचेरीतला शिपाई फायली दुरून टाकत होता आणि राहायला शहरात घर मिळत नव्हते. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. पुढच्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांची कुरकुर. जगातल्या नामांकित विद्यापीठाचे शिक्षण जे करू शकले नाही, ते कंपनीचा गोल रंगीत शिक्का करील, असे सांगणारा माणूस एकतर भाबडा आहे किंवा लबाड.

बाबासाहेबांनी या अनुभवातून काय धडा घेतला? पदवी व्यर्थ आहे, असा नाही. ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पुरे करून आले. पण योग्यता सिद्ध केली की जग आपोआप मान देईल, हा भ्रम त्यांनी सोडला. योग्यतेच्या पाठीशी कायदा उभा करावा लागतो, हे त्यांनी ओळखले. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळापासून. नंतर संविधानात कलम १६(४) आले. प्रवेशात राखीव जागा, फी माफी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरीत आरक्षण : पदवीच्या वाटेवर आपल्या मुलांसाठी एकेक दिवा असा लावलेला आहे. कोणी भीक म्हणून लावलेला नाही.

आता बॅजच्या वाटेवर बघा. एक तरी दिवा दिसतो का? कंपनीच्या अभ्यासक्रमाला राखीव जागा नाहीत. त्याची फी महाडीबीटीवरून परत मिळत नाही. आणि ज्या नोकरीसाठी बॅज उपयोगी पडतो, ती बहुतेक खासगी तंत्रज्ञान कंपनीतली, जिथे आरक्षणच नाही. म्हणजे 'पदवी सोडा, बॅज घ्या' याचा सरळ अर्थ काय? जिथे तुमचे हक्क लिहिलेले आहेत ती वाट सोडा आणि जिथे एकही हक्क लिहिलेला नाही त्या वाटेला लागा. आरक्षण रद्द करण्याची गरजच उरत नाही. आरक्षण असलेली वाट ओस पाडली की काम भागते.

यावर कोणी म्हणेल, "पण हे कोर्स तर फुकट असतात!" इथेच खरी मेख आहे. व्हिडिओ फुकट असतो. परीक्षा आणि सर्टिफिकेट यांना पैसे पडतात. शिकणे फुकट, पुरावा विकत! आयआयटी आणि बेंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून चालवलेला एनपीटीईएल हा उपक्रम घ्या. देशातले उत्तम प्राध्यापक तिथे शिकवतात, नाव नोंदवून शिकायला पैसे लागत नाहीत. मात्र सर्टिफिकेट हवे तर परीक्षेची फी भरावी लागते. गुणांप्रमाणे त्यावर 'एलिट', 'सिल्व्हर', 'गोल्ड' असे शिक्केही असतात. पण तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना फीमध्ये निम्मी सवलत आहे. ही सवलत का आहे? कारण तिथे जनतेचा पैसा आहे आणि जनतेच्या पैशावर संविधानाचा अंकुश आहे. जिथे हा अंकुश नाही, तिथे सवलत मिळालीच तर ती मेहेरबानी असते. मेहेरबानी उद्या बंद होऊ शकते. हक्क बंद करायला त्यांना आपल्याशी लढावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातलेच दुसरे उदाहरण एमएस-सीआयटीचे. एमकेसीएल ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि तिचा हा संगणक कोर्स गावोगावच्या केंद्रांत पोहोचला. त्या कोर्समध्ये काही फार मोठे ज्ञान आहे असे नाही. तरीही घरातले किडूकमिडूक मोडून मुलींनी तो केला. का? कारण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'एमएस-सीआयटी किंवा समकक्ष' असे लिहिलेले असते. म्हणजे सर्टिफिकेटला वजन आले ते सेवाभरतीच्या नियमातून. समाजशास्त्रात रँडल कॉलिन्स यांनी १९७९ साली हेच मांडले : प्रमाणपत्र नुसते ज्ञान मोजत नाही, दारावर कोण उभे राहील आणि आत कोण जाईल हे ठरवते. मग दारावरचा नियम कोण लिहितो, हाच प्रश्न उरतो.

गव्हाणच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. १९७० साली सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरणची ९५ गावे नव्या शहरासाठी घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे जमिनीच्या बदल्यात विकसित जमिनीचा हक्क पदरात पडला. पण भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. ज्याने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात घाम गाळला, त्याचा घाम कोणत्या उताऱ्यावर असतो? नोंद ज्याच्या हातात, हक्क त्याच्या हातात. बॅज हा ज्ञानाचा नवा सातबारा आहे. आणि या सातबाऱ्याचा तलाठी आहे खासगी कंपनी.

आज गावाच्या उशाला विमानतळ आहे, पलीकडे जेएनपीए बंदर आहे, ऐरोली-महापेत तंत्रज्ञान कंपन्या आहेत. आमची मुले तिथे सीसीटीव्ही बसवतात, केबल ओढतात, मोबाईल दुरुस्त करतात, कंत्राटदाराच्या हाताखाली नेटवर्किंगची कामे करतात. हातात कसब आहे, पण नोंद नाही. म्हणून "बॅज म्हणजे नुसती धूळफेक" असे म्हणणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांशीही माझे मतभेद आहेत. सर्वांत जास्त गरज आहे ती याच मुलांना, त्यांच्या कामाची नोंद करणाऱ्या बॅजची. फक्त तो बॅज हक्काचा हवा.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या.

१) यूजीसीच्या नियमानुसार 'स्वयम्'सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात. मग त्या परीक्षांची फीही शिष्यवृत्तीतून मिळाली पाहिजे.

२) जे महाविद्यालय असे क्रेडिट मान्य करते, त्याने संध्याकाळी उशिरापर्यंत संगणक कक्ष उघडा ठेवावा. घरात चौघांत एक मोबाईल असलेल्या मुलीने 'ऑनलाइन' कुठे व्हायचे?

३) अनुभवातून कसब मिळवलेल्या कामगारांची चाचणी घेऊन त्यांना विनामूल्य बॅज द्यावा आणि सरकारी कंत्राटांत तो ग्राह्य धरावा.

४) ज्या कंपन्या सरकारी जमीन, सवलती आणि कंत्राटे घेतात, त्यांनी कोणत्या समाजघटकातले किती लोक नोकरीला घेतले ते जाहीर करावे. 'इथे जात विचारत नाही' म्हणता ना? मग आकडे दाखवा.

आणि मुलांनो, तुम्हाला रोखठोक सांगतो. पदवी सोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर बाहेर पडले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा अशी सोय आहे. काल ज्याला गळती म्हणत होते, त्याला आज 'एक्झिट' म्हणतात. त्या दारातून पहिल्यांदा कोण बाहेर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. स्पर्धा परीक्षेत पदवी लागते, पुढच्या शिक्षणाला पदवी लागते. कंपनीचा बॅज तुमच्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. तिथे क्रेडिट जमा करते ती मान्यताप्राप्त संस्था. तेव्हा कोर्सला हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारा : हा बॅज कोण मानतो? याची फी कोण भरतो? यावर माझा हक्क कोणत्या नियमात लिहिलेला आहे? उत्तरे मिळाली तर जरूर करा. पदवीसोबत करा, पदवीऐवजी नको.

आपल्या विहारांत रविवारी वंदना झाल्यावर दोन तास चार संगणक सुरू झाले, पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवले, तर शिकण्याचा प्रश्न आपण आपल्या ताकदीवर सोडवू. पुराव्याचा प्रश्न मात्र सरकारच्या दारातच सुटेल. तिथे एकेकट्याने बॅज दाखवून चालणार नाही, संघटित होऊनच जावे लागेल.

जय भीम!