काका, आपल्याकडं का नाय?

नोव्हेंबर २०२२. नागपूरला वायुसेनानगरात हवाई दलाचा एअर फेस्ट होता. दिंद्रुडहून पुतण्याला घेऊन गेलो. एसटीत रात्रभर अंग आखडलं, पण सूर्यकिरणची लाल-पांढरी हॉक विमानं डोक्यावरून गेली आन् पोरगं ओरडायचंच विसरलं. परतताना एकच प्रश्न, "काका, आपल्याकडं का नाय हे?"

काय सांगणार? बीडला रेल्वे यायलाच सप्टेंबर २०२५ उजाडला!

नेदरलँड्स, बेल्जियममध्ये हवाई दल खास 'स्पॉटर्स डे' ठेवतं. आधी नाव नोंदवायचं, मग तळावर जाऊन विमानांचे फोटो काढायचे. आपल्याकडं लष्करी तळाचा फोटो म्हणजे गुन्हा. सुरक्षेचं कारण खोटं नाही, मे २०२५ आपण सगळ्यांनीच बघितलाय. पण २००१ मध्ये ग्रीसनं अशाच १४ छांदिष्टांना, १२ ब्रिटिश आणि २ डच, हेर समजून धरलं. शिक्षाही झाल्या, अन् पुढच्या वर्षी अपिलात सुटले. हौशी कोण आन् हेर कोण, हे कुंपणाबाहेर कळत नाही. नोंद करून आत बोलावलं तर निदान कोण आलंय ते तरी कळतं.

सुखोई-३० एमकेआय हवाई दलात आली ती २००२ साली, पुण्याच्या लोहगावातच. बनतात नाशिकजवळ ओझरला. मग वर्षातला एक दिवस, हवाई दल सांगेल त्या जागेवरून, मराठवाड्यातल्या झेडपी शाळांच्या पोरांना ती दाखवायला काय हरकत आहे? आपल्या खासदार-आमदारांनी एवढं एक पत्र संरक्षण मंत्रालयाला द्यावं. लग्नाच्या पंगती थोड्या कमी झाल्या तरी चालतील.

पुतण्या आता बारावीला आहे. एनडीएचा फॉर्म कधी निघतो, विचारत होता.