मत कोणाला? चिंचपोकळीच्या ख्रिस्ती मतदाराने काय पारखावे

निवडणूक जवळ आली की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास कानी पडतो, "फादर, यंदा मत कोणाला द्यायचे?" प्रश्न विचारणाऱ्यांत निवृत्त गिरणी कामगार असतात, परिचारिका असतात, पहिल्यांदाच मतदान करणारी मुलेही असतात. धर्मगुरूने पक्षाचे नाव घेण्याचे टाळले की काही जण नाराज होतात. चर्च इतर बाबतीत मार्गदर्शन करते, मग ऐन वेळी मौन का, असे त्यांना वाटते.

या मौनाला कारण आहे आणि ते केवळ भीतीचे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार, अमुक उमेदवाराला मत दिले नाही तर देवाची अवकृपा होईल अशी समजूत मतदाराच्या मनात निर्माण करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. धार्मिक स्थळांचा राजकीय कार्यासाठी वापर करण्यास १९८८ च्या स्वतंत्र कायद्याने बंदी आहे. चर्चच्या कायदेसंहितेतील २८७ वे कलमही धर्मगुरूंना राजकीय पक्षात सक्रिय होण्यापासून सर्वसाधारणपणे दूर ठेवते. या सर्वांमागे एकच तत्त्व आहे. मत हा प्रापंचिकांच्या सद्सद्विवेकबुद्धीचा प्रांत आहे आणि वेदीवरून त्यावर अतिक्रमण होता कामा नये. मात्र कोणाला मत द्यावे हे न सांगताही ते कसे ठरवावे यावर बोलता येते. किंबहुना बोललेच पाहिजे, आणि त्यासाठी दोन निवडणुकांच्या मधला शांत काळच बरा. २०२९ ची लोकसभा निवडणूक दूर वाटत असली तरी विवेक एका रात्रीत घडत नाही.

प्रश्न अवघड का झाला?

लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा या पट्ट्यात एके काळी मत घराण्याकडून वारसाहक्काने येत असे. अमुक घर धनुष्यबाणाचे, तमुक घर पंजाचे, हे चाळीत सर्वांना ठाऊक असायचे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसही दुभंगली. परिणामी २० मे २०२४ रोजी मुंबईकर मतदानाला गेला तेव्हा दक्षिण मुंबईत शिवसेनेच्याच दोन शाखा एकमेकींसमोर उभ्या होत्या. एका बाजूला मशाल घेऊन अरविंद सावंत, तर दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण घेऊन यामिनी जाधव. सावंत ५२,६७३ मतांनी निवडून आले.

आपल्या अनेक कुटुंबांची अडचण याहून वेगळी होती. पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसला मत देणाऱ्यांना यंत्रावर पंजाच सापडला नाही. याच मतदारसंघातून २००४ आणि २००९ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आलेले मिलिंद देवरा जानेवारी २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, तर काँग्रेस पक्ष स्वतः ठाकरे यांच्या शिवसेनेचा मित्रपक्ष होता. ज्या पक्षाशी आयुष्यभर वाद घातला त्याचीच एक शाखा आता आघाडीत आणि दुसरी शाखा समोर! सवयीने मत देणाऱ्याला सवयच कामाला आली नाही. आपण आजवर नेमके कशाला मत देत होतो, हे तपासण्याची वेळ त्यामुळे आली, आणि ही तपासणी अनिष्ट मुळीच नाही.

या मातीने काय पाहिले

मताचा विचार गंभीरपणे करणे हे या परिसराला नवे नाही. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईने मातब्बर नेते स. का. पाटील यांना पराभूत करून जॉर्ज फर्नांडिस यांना निवडून दिले. मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबात जन्मलेला, सेमिनरीची वाट अर्ध्यावर सोडून आलेला हा तरुण स्वधर्मीयांच्या मतांवर जिंकला नाही. कामगार संघटनांत केलेल्या कामावर त्याने ती निवडणूक जिंकली.

जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई अवघ्या १,६७९ मतांनी हरल्या आणि वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. गिरणगावाच्या राजकारणाची दिशा बदलणारा हा निकाल काही चाळींत मावतील एवढ्याच मतांनी लागला.

१९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईने डॉ. दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होरपळले होते आणि ते मत त्यांच्या पोटाचे मत होते. तरीही संपाला यश आले नाही, गिरण्या पूर्वपदावर आल्या नाहीत. एकटा खासदार, मग तो कितीही तळमळीचा असो, धोरण बदलू शकत नाही, हा त्या निवडणुकीचा कटू धडा होय.

२००४ मध्ये याच जुन्या मतदारसंघात मोहन रावले आणि सचिन अहिर यांच्यातील लढतीत अरुण गवळी यांनी नव्वद हजारांहून अधिक मते घेतली, आणि त्याच वर्षी चिंचपोकळी विधानसभा मतदारसंघाने त्यांना आमदार केले. "आपला माणूस, अडीअडचणीला धावून येतो" हा युक्तिवाद तेव्हा सर्रास ऐकू येई. २०१२ मध्ये एका नगरसेवकाच्या खूनप्रकरणी न्यायालयाने त्यांना जन्मठेप ठोठावली. अडचणीला धावून येणे हा सद्गुण खरा, परंतु कायदा करण्याचा अधिकार सोपवण्यास तो एकटा पुरेसा नाही.

पक्ष की उमेदवार?

"आम्ही पक्ष पाहत नाही, माणूस पाहतो," असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. नगरपालिकेच्या निवडणुकीत ही भूमिका बरीचशी योग्य ठरते, कारण तुंबलेले गटार आणि नळाचे पाणी हा नगरसेवकाचा विषय आहे. लोकसभेचे तसे नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश मोडून मतदान करणारा खासदार आपले पद गमावू शकतो. म्हणजे सज्जन उमेदवारही विधेयकावर मत देताना पक्षाच्याच बाजूने हात वर करतो. म्हणून लोकसभेला मत देताना पक्षाचे धोरण, त्याचा पूर्वेतिहास आणि त्याचे मित्रपक्ष यांना अधिक वजन दिले पाहिजे.

याचा अर्थ उमेदवाराचे चारित्र्य गौण आहे असा नव्हे. पक्ष फोडून बाहेर पडण्याचे प्रकार आपण पाहिले. शब्द पाळणारा माणूस कोण, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती देणारे शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला द्यावे लागते व ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. साडी किंवा मुलाचे स्थळ पसंत करताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी येथे करावी!

पाटी नव्हे, कृती

पक्षांच्या पाट्या बाजूला ठेवून त्यांची कृती पाहिली तर चित्र गुंतागुंतीचे दिसते. गिरण्यांच्या जमिनीचेच उदाहरण घ्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीची जमीन तीन वाट्यांत विभागण्याची तरतूद होती. एक वाटा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राज्य सरकारने हे सूत्र गिरणीच्या केवळ मोकळ्या भूखंडापुरते मर्यादित केले. सार्वजनिक वाटा त्यामुळे आक्रसला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये दादरची कोहिनूर मिल ४२१ कोटी रुपयांना विकली गेली, तेव्हा खरेदीदारांत मराठी माणसाच्या नावाने राजकारण करणाऱ्या नेत्यांशी संबंधित कंपन्या होत्या. कामगारांच्या वाट्याला २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे आली, आणि अर्ज करणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर गेली. या हिशेबात कोणत्या एका पक्षाला निर्दोष म्हणता येईल?

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हारी लागणारे आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली आणि जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. अटक भाजपप्रणीत केंद्र सरकारच्या काळात, राष्ट्रीय तपास यंत्रणेने केली. जामीन जवळजवळ अशक्य करणारी यूएपीए कायद्यातील तरतूद मात्र २००८ मध्ये, काँग्रेसप्रणीत सरकारच्या काळात आली. एकाने हत्यार घडवले, दुसऱ्याने ते उचलले. दोघांची जबाबदारी सारखीच आहे असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ज्याचा त्याचा हिशेब वेगळा मांडावा आणि मागील हिशेब विसरून कोणालाही मुक्तिदाता समजू नये, एवढेच सांगायचे आहे.

निर्दोष पक्ष नसेल तर?

येथे प्रामाणिक भाविक अडखळतो. "या पक्षाची दहा धोरणे मला पटतात, दोन मुळीच पटत नाहीत. मत दिले तर त्या दोन पापांचा मी वाटेकरी होतो का?" चर्चच्या नीतिशास्त्रात या प्रश्नाचा विचार झाला आहे. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झालेले कार्डिनल रॅट्झिंगर यांनी २००४ मध्ये अमेरिकन महागुरुस्वामींसाठी लिहिलेल्या टिपणात एक भेद स्पष्ट केला. उमेदवाराच्या चुकीच्या भूमिकेसाठीच त्याला मत देणे ही एक गोष्ट आणि ती भूमिका नाकारून अन्य, तेवढ्याच वजनदार कारणासाठी मत देणे ही दुसरी गोष्ट. पहिल्यात मतदार दोषाचा भागीदार होतो. दुसरे मत पुरेसे वजनदार कारण असेल तर अनुज्ञेय ठरू शकते. मात्र ते कारण खरोखर वजनदार हवे. सोसायटीला मिळालेला रंग किंवा मंडळाला मिळालेली देणगी हे असे कारण नव्हे.

मग 'नोटा' दाबावे काय? २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हा पर्याय मिळाला आणि तो निषिद्ध नाही. परंतु चुरशीच्या लढतीत त्याचा अर्थ समजून घ्यावा. २०२४ मध्ये वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४,५२,६४४ मते मिळवून जिंकले आणि अमोल कीर्तिकर ४,५२,५९६ मतांवर थांबले. फरक केवळ ४८ मतांचा! एका मजल्यावरील कुटुंबांनी निकाल फिरवला असता. त्याच मतदारसंघात पंधरा हजारांहून अधिक जणांनी 'नोटा'चे बटण दाबले होते. त्यांना दोघेही खरोखर समान नकोसे होते की हे आपण ठरवण्याचे नाही असे वाटले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या उमेदवाराचेही तसेच. २००९ मध्ये दक्षिण मुंबईत देवरा यांना २,७२,४११, मनसेचे बाळा नांदगावकर यांना १,५९,७२९ आणि शिवसेनेचे मोहन रावले यांना १,४६,११८ मते पडली. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा मोठी होते. मते अशी यांत्रिकपणे जोडता येत नाहीत हे खरे, तथापि मताचा परिणाम आपल्या हेतूवर थांबत नाही, हे ही आकडेवारी दाखवते. तत्त्वासाठी तिसऱ्याला मत देणे सन्माननीय आहे. पण पहिल्या दोघांपैकी एकाचा विजय दुर्बळांना निश्चितपणे अधिक घातक ठरणार असेल, तर त्याला रोखू शकणाऱ्याला मत देणे हेही तत्त्वाचेच मत आहे. अशा वेळी माझा कल या दुसऱ्या मार्गाकडे आहे.

आपली मते, आपला समाज

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मुंबईत हे प्रमाण सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. एवढ्या अल्पसंख्येने एकगठ्ठा मतपेढी व्हावे, असे आवाहन प्रत्येक निवडणुकीत मोबाइलवरून फिरते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय पीठाने, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरवला. तो खटला आपल्याच मुंबईतील, सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवला होता. कायद्यापलीकडेही विचार करा. मतपेढी झालो की आपली किंमत ठरते, आणि किंमत ठरलेल्या वस्तूचा सौदा होतो.

घटनेच्या २५ ते ३० या कलमांनी दिलेले स्वातंत्र्य, आपल्या शाळा, दलित ख्रिस्ती बांधवांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे नाकारल्या गेलेल्या सवलती, हे आपले रास्त प्रश्न आहेत आणि उमेदवाराला ते निःसंकोच विचारावेत. परंतु प्रभू येशूने शेजारी कोण याचे उत्तर देताना शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. शेजाऱ्याच्या चाळीतील मुस्लिम विधवेला, कंत्राटी सफाई कामगाराला, संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे अडकलेल्या कुटुंबाला ज्या धोरणाचा चटका बसतो, ते धोरण आपल्या चर्चला झळ लावत नाही म्हणून चांगले ठरत नाही.

शेवटी काही व्यावहारिक गोष्टी. पुनर्विकासामुळे अनेक कुटुंबे विरार, नालासोपारा, कल्याणकडे गेली. जुनी नावे यादीतून गळतात आणि नवी चढत नाहीत. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आजच भरावा. लोकसभेसाठी मुंबईचे मतदान उन्हाळ्याच्या सुटीच्या सुमारास येऊ शकते, त्यामुळे गावाची तिकिटे काढताना ते ध्यानी ठेवावे. घरात मतभेद असतील तर जेवणाच्या ताटावर मोकळेपणी बोलावे, आणि नवरा-बायकोने वेगवेगळी मते दिली तरी घर मोडत नाही, हे मुलांना पाहू द्यावे. मतदानापूर्वी थोडा वेळ प्रार्थनेत बसून स्वतःला एकच प्रश्न विचारावा, "माझ्या या मताने सर्वांत दुबळ्याचे काय होईल?" त्याचे जे उत्तर मिळेल, ते बटण निर्भयपणे दाबावे.