साठीनंतरचा सूर आणि इमारतीखालचं झाड

साठी ओलांडलेले रुग्ण तपासणी संपवून उठता उठता एक वाक्य हमखास बोलतात, “बाकी ठीक आहे हो डॉक्टर, पण दिवस जात नाही.” रक्तदाब, साखर, गुडघे यांच्या यादीत हे वाक्य बसत नाही, म्हणून ते तिथेच राहतं. माझ्या मते ते यादीत बरंच वर लिहायला हवं. करंजाड्यासारख्या वस्तीत तर नक्कीच. गाढी नदीकाठची ही सिडकोची वसाहत. इथले बरेच आजी-आजोबा मुलाने किंवा मुलीने फ्लॅट घेतला म्हणून गाव, चाळ आणि ओळखीचा शेजार सोडून आलेले. जवळच विमानतळासाठी जुनी गावं सोडून आलेली कुटुंबंही राहतात. दोघांचंही अंगण गेलं आणि हातात टीव्हीचा रिमोट आला.

‘दिवस जात नाही’ हा नुसता कंटाळा नसतो. स्मृतिभ्रंशावर (म्हणजे डिमेन्शियावर) लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली एक अहवाल दिला. ज्यात आपण बदल करू शकतो असे १४ धोके त्यात आहेत आणि ते सगळे टाळता आले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये हा आजार टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब त्या यादीत आहेतच. पण कमी ऐकू येणं, माणसांपासून तुटणं, नैराश्य, हालचाल नसणं आणि हवेचं प्रदूषण हेही आहेत. गोळीने भागणार नाही अशी ही दुसरी अर्धी यादी आहे, आणि संगीत व झाडांविषयी मी बोलतो ते तिच्यासाठीच.

आधी संगीत. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन करणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. याचा अर्थ पेटी वाजवली की विस्मरण होणार नाही, असा कृपया घेऊ नका. ज्यांचा मेंदू आधीच तल्लख असतो तेच वाद्य वाजवत राहतात, असंही असू शकतं. पण गाण्याचे काही परिणाम आम्हाला समोर दिसतात. गाताना श्वास पटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो, म्हणजे नकळत श्वासाचा व्यायाम होतो. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांचं पाऊल अडखळतं, ते ठेक्यावर सरळ पडू लागतं. पक्षाघातानंतर बोलता न येणारे काही रुग्ण ओळखीच्या गाण्याचे शब्द मात्र म्हणू शकतात. या गोष्टीवर आधारलेली वाचा-उपचाराची एक पद्धतही आहे.

यावर घरून येणारं उत्तर ठरलेलं असतं, “आता या वयात कशाला?” मला या वाक्याचा राग येतो. आपल्याच भागात पाहा. आगरी समाजाच्या लग्नात धवला गाणारी धवलारीण बहुधा वयस्कर स्त्री असते. लग्नाच्या एकेका विधीची गाणी तिला तोंडपाठ असतात आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ही गाणी तिने पुस्तकातून नव्हे, ऐकून ऐकून शिकलेली असतात. म्हणजे पनवेल-उरणच्या मातीत उतारवयातलं गाणं हा हौसेचा विषय नव्हता, तो मानाचा होता. भजनी मंडळातले आजोबा टाळ धरून तासभर बसतात, तेव्हा त्यांना कुणी वय विचारत नाही. मग हार्मोनियमच्या क्लासला नाव घालताना आजींनी का लाजावं? सा लागेपर्यंत तीन महिने लागले तर लागू द्या. परीक्षा द्यायची नाही, स्टेजवर जायचं नाही. वाद्य परवडत नसेल तर मोबाइलवर तानपुरा लावा आणि त्याच्या सुरात सूर मिसळा.

मात्र त्याआधी एक काम करा: कान तपासून घ्या. वयानुसार बहिरेपण येतं ते आधी उंच, बारीक आवाजांचं. त्यामुळे माणसाला ‘ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत’ असं वाटतं आणि तो हळूहळू गप्पांतून उठून जातो. घरचे म्हणतात, बाबा तऱ्हेवाईक झाले. कित्येकदा कानात नुसता मळ साचलेला असतो. मळ नसेल तर ऑडिओमेट्री ही सोपी, न दुखणारी तपासणी आहे. चष्मा लावायला न लाजणारे आपण श्रवणयंत्राला इतके का घाबरतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि इथेच संगीत आणि पर्यावरण हे दोन विषय एक होतात, असं मला वाटतं. आवाज हाही पर्यावरणाचाच भाग आहे. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हळदीच्या किंवा मिरवणुकीच्या रात्री तिचं काय होतं ते तुम्ही जाणता. मोठा आवाज कानातल्या नाजूक पेशी मारतो आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. त्याशिवाय झोपमोड आणि वाढलेला रक्तदाब आहेच. डीजेविरुद्ध बोलणाऱ्या ज्येष्ठांना ‘सण नको असलेले’ ठरवलं जातं. माझ्या मते ज्याला सूर कळतो त्यानेच सोसायटीच्या सभेत हा विषय काढावा.

कान शाबूत असले की पहाटेची मजा वेगळी. उन्हाळ्यात तांबटाची एका लयीतली टुक-टुक ऐका, तबल्याच्या विद्यार्थ्याने हेवा करावा अशी. पावसाळ्यात नातवंडांना घेऊन कर्नाळ्याला जा; पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर. तिथला शीळकरी कस्तूर अगदी माणसासारखी शीळ घालतो. मारुती चितमपल्ली वनखात्यातून १९९० साली निवृत्त झाले. त्यांचा पक्षिकोश त्यानंतरचा. पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. आपल्याला कोश लिहायचा नाही, खिडकीत येणाऱ्या दहा पक्ष्यांची नावं वहीत लिहिली तरी पुष्कळ.

झाडांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. जुलैमध्ये शंभर रोपं लावून फोटो काढायचे आणि मार्चमध्ये शंभर काटक्या मोजायच्या, यात ज्येष्ठांनी वेळ घालवू नये. एकच झाड निवडा. करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ, जे इथलं असेल ते. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घाला, बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका, खोड जाड झालं की जाळी काढायला लावा. रोज खाली उतरायला कारण मिळतं, चालणं होतं, चार माणसं भेटतात. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली बरीचशी इथेच भरते.

थोडी काळजी घ्या. उकिडवं बसून झटकन उठू नका. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. छोटं स्टूल घ्या. मातीत हात घालताना हातमोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. पायाला जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस त्यातूनच होतो. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून घासून ठेवा, डेंग्यूचे डास तेवढ्या दिवसांत तयार होतात. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी या. काचबिंदू असेल किंवा नुकतंच छातीचं, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर फुंकून वाजवायचं वाद्य सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि गाणं सुरू केलं म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

कशातच मन लागत नाही, आवडतं गाणंही नको वाटतं, झोप आणि भूक गेली आहे, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. ‘गाणी ऐका, बरं वाटेल’ असं सांगून अशा माणसाला परत पाठवू नका, त्यांना घेऊन या. त्यावर चांगले उपचार आहेत आणि या वयातही ते लागू पडतात.