भरपाई दिली, शिक्षेचे काय?

इंग्लंडात अपघातग्रस्तांची भरपाई मागणारे बॅरिस्टर पुष्कळदा कामाच्या जागी नियम मोडल्याचे फौजदारी खटलेही चालवतात. १९७४ च्या कायद्याने तिथे मालकाला आरोपी करता येते. आमच्याकडे? गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराच्या वारसांना ३० लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले. ठीक आहे. पण सुरक्षेची साधने न देता माणूस गटारात उतरवणाऱ्याला २०१३ च्या कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तिचे काय? पोलीस बहुधा निष्काळजीपणाचे कलम लावून मोकळे होतात. ठेकेदार जामिनावर सुटतो, साहेबाचे तर नावही कागदावर येत नाही. चळवळीतल्या वकिलांना आमचे सांगणे आहे: धनादेश मिळाला म्हणून वकीलपत्र गुंडाळू नका. फिर्यादीत कलम ७ आणि ९ घालायला लावा.