‘शॉर्ट सर्किट’च्या आधी काय घडते?

‘आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य उन्हाळ्यात बातम्यांतून वारंवार येते आणि चर्चा तिथेच संपते. प्रत्यक्षात शॉर्ट सर्किट हा बऱ्याचदा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी कित्येक महिने भिंतीतल्या तारा झेपत नसलेला भार सोसत तापत असतात आणि त्यांवरचे प्लास्टिक ठिसूळ होत असते.

३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली. तो तेव्हाचा उच्चांक होता आणि त्यात एसी-कूलरचा वाटा मोठा होता. पण एसी नवा आणि वायरिंग मात्र दिवे, पंखे नि एका टीव्हीच्या हिशेबाने केलेले, अशी घरे पुष्कळ आहेत. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

एमसीबी सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवून घेणे हा सर्वात घातक उपाय. एमसीबी उपकरणाच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तीच ठेवून तो मोठा केला, तर तार जळेल पण तो पडणार नाही.

भार तपासायला बोर्ड उघडावा लागत नाही, उघडूही नये. एकेक एमसीबी बंद करून कोणते प्लग बंद होतात ते कागदावर लिहा. त्या प्लगवरच्या उपकरणांचे वॉट मिळवा आणि २३० ने भागा. दोन हजार वॉटचा गिझर आणि तेवढीच इंडक्शन शेगडी एकाच वेळी चालवली तर सतरा अँपिअरच्या वर जातात. एमसीबी १६ चा असला तरी एवढ्या जादा भाराला तो तासभरही पडत नाही, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नका. सैल जोड तर त्याला कळतच नाही. तो ओळखायचा तपकिरी पडलेल्या सॉकेटवरून, जळकट वासावरून, गरम लागणाऱ्या प्लगवरून. असे काही दिसले तर ते सॉकेट वापरणे थांबवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. एसी किंवा गिझर एक्स्टेंशन बोर्डावर कधीच नको.

डॉक्टर म्हणून मला ज्वाळांपेक्षा धुराची भीती जास्त वाटते. तारांवरचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड श्वासनलिका भाजून काढतो. सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. झोपलेला माणूस जागा होण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो.

जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. त्यानंतर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. सोसायट्यांच्या सभांत मात्र रंगकाम आणि लिफ्टवर तासन्‌तास वाद होतात, वायरिंगचा विषय क्वचितच निघतो.

विजेचा धक्का ही वेगळी गोष्ट. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. साधा एमसीबी तिथे उपयोगाचा नाही. आरसीसीबीवर चाचणीचे छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबा; वीज तत्काळ गेली नाही तर तो बदलून घ्या.